मोहोरबंद साक्ष

फौजदारी खटला समजून घ्यायचा असेल तर मेलेल्या माणसापासून सुरुवात करू नये. मेलेल्याला खटल्यात फारसं काम नसतं. त्याच्या नावाआधी 'मयत' असा शब्द लागतो आणि तो कागदांत एका जागी पडून राहतो. खटला चालतो सरकार आणि आरोपी यांच्यात. मयताच्या आईला, बहिणीला मागच्या बाकावर बसता येतं. मोबाईल बंद ठेवून.

तरी नाव सांगून ठेवू. मयत धनपाल मगदूम, वय बत्तीस. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात, बायपासला, त्याचं गाड्या चार्ज करायचं स्टेशन होतं. आरोपी किशोर भंडारे, टेम्पोमालक. साक्षीदार क्रमांक एक, त्रिशला मगदूम, मयताची धाकटी बहीण, पाचवी-सहावीच्या मुलांना शिकवणारी. भावाचा दुपारचा डबा घेऊन ती स्टेशनच्या गेटपाशी पोचली, आणि पुढच्या दोनेक मिनिटांत जे घडलं ते सगळं पाहिलेली जगात ती एकटी आहे. किशोर सोडून.

आता क्रमाने जाऊ.

फिर्याद

गंभीर गुन्हा घडला की पोलिसांनी फिर्याद नोंदवून घ्यायची असते. ती कुणीही देऊ शकतो. पूर्वी फिर्याद देणारा बोलायचा आणि ठाण्यातला कुणीतरी ते लिहून घ्यायचा. बोलणारा रडायचा, मागेपुढे व्हायचा, लिहिणारा आपल्या पद्धतीने ते सरळ करायचा.

त्रिशला ठाण्यात गेली तेव्हा तिच्या ओढणीवर रक्त होतं. समोर फौजदार ऐनापुरे.

"साहेब, किशोर भंडारेनं माझ्या अण्णाला—"

ऐनापुऱ्यांनी पंजा वर केला. "थांबा ताई."

"मी बघितलंय साहेब, मी तिथंच—"

"म्हणूनच थांबा म्हणतोय. नाव सांगितलंत, बास झालं. पुढचं माझ्यासमोर बोलू नका. बोललात की खर्च झालं."

त्यांनी फिर्यादीत चार ओळी लिहिल्या. कोण मेलं, कुठं, कुणावर संशय, कुणी पाहिलं. मग त्यांनी हवालदाराला हाक मारली. "गाडी काढ. बाईंना मोहोरेला न्यायचंय. संध्याकाळच्या आत."

गाडीत हवालदार तिच्याशी हवापाण्याचं बोलला. दुसरं काही बोलायची त्याला परवानगी नव्हती.

मोहोर

हा टप्पा नवा आहे, म्हणून थोडं थांबून समजून घेऊ.

एक काळ असा आला की खऱ्यासारखं चित्रण कुणीही करू लागलं. स्टेशनवर तीन कॅमेरे होते. त्यांत सगळं टिपलं गेलंही होतं. पण अशा चित्रणात हवा तो माणूस हवं ते करताना दाखवता येतो, हे आरोपीच्या वकिलांनी इतक्या खटल्यांत दाखवून दिलं की कॅमेऱ्याला कोर्टात एकट्याने उभं राहता येईना. मग कायदा पुन्हा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाकडे वळला. आणि माणसाची आठवण तपासता येईल असं यंत्र त्याच सुमारास तयार झालं.

आठवण म्हणजे मेंदूतल्या काही पेशींमधल्या जोडण्या. त्या एकदा घट्ट झाल्या की तशाच राहतात असं पूर्वी वाटायचं. तसं नसतं. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा त्या जोडण्या काही तास सैल होतात आणि नव्या प्रथिनांनी पुन्हा बांधल्या जातात. बांधताना आजूबाजूचं काही आत येतं. कुणी बोललेलं, आपल्याला वाटलेलं, दुसऱ्या दिवशीचं काहीतरी. माणसाला यातलं काही कळत नाही. त्याला वाटतं आपण तेच पाहतोय.

म्हणून मोहोर. घटनेनंतर एका दिवसाच्या आत साक्षीदाराला एक खूण-द्रव्य टोचतात, डोक्यावर टोप घालतात आणि सगळं एकदा मनातल्या मनात आठवायला सांगतात. एकदाच. जोडण्या पुन्हा बांधल्या जाताना ते द्रव्य त्यांना चिकटतं. पुढे प्रत्येक बांधणीत ते थोडं थोडं गळतं. खटल्याच्या दिवशी किती उरलं ते मोजतात. त्या आकड्याला 'मूळपण' म्हणतात. सत्तरच्या वर असेल तर साक्ष घेतात. खाली असेल तर घेत नाहीत.

टोपाला लोक कढई म्हणतात. ती तशीच दिसते.

त्रिशलाने कढईखाली डोळे मिटले आणि आठवलं. बाहेर आल्यावर एका बाईने तिला सूचना वाचून दाखवल्या. घटनेबद्दल कुणाशी बोलायचं नाही. कुणी बोलत असेल तर ऐकायचं नाही. लिहायचं नाही. त्या जागेची, मयताची, आरोपीची चित्रं पाहायची नाहीत. हे साक्ष होईपर्यंत.

"साक्ष कधी होणार?" त्रिशलाने विचारलं.

"ते कोर्ट कळवेल," बाई म्हणाली आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

समाचार

हा टप्पा कायद्यात नाही.

रक्षाविसर्जन झालं आणि दारात चपलांचा ढीग साचू लागला. समाचाराला येणाऱ्यांची एक रीत असते. आत येऊन बसायचं, थोडा वेळ गप्प राहायचं, मग हळूच विचारायचं, कसं झालं हो? आणि घरातल्याने पहिल्यापासून सगळं सांगायचं. सकाळी घरातून निघाला तिथपासून. नवं माणूस आलं की पुन्हा पहिल्यापासून. सांगून सांगून घरातल्यांना ते सोसायला लागतं. रीत त्यासाठीच असावी.

मगदुमांच्या घरी सांगणारं कुणी नव्हतं.

"तू तिथंच हुतीस म्हणं गं," शेजारच्या सुगंधाकाकूंनी विचारलं.

त्रिशला उठून परसात गेली.

"बघा. कुणी इचारलं की उठून जातीया."

"कोर्टानं तोंड शिवलंय तिचं," आई म्हणाली.

"कोर्ट काय घरात येऊन बघतंय व्हय?"

"कढईत दिसतंय म्हणं सगळं."

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "आमच्या जावयाला बसवा म्हणावं ती कढई. गप तरी बसंल." दोघीतिघी हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला.

त्रिशला परसातल्या नळापाशी उभी होती. आतून आईचा आवाज येत होता. आई आता स्वतःच सांगत होती, सकाळी चहा पिऊन निघाला, टायर बघायचंय म्हणाला. त्यापुढचं आईला ठाऊक नव्हतं, म्हणून ती पुन्हा चहापाशी येत होती. त्रिशलाने नळ मोठा सोडला, ऐकू येऊ नये म्हणून.

माणसं कमी झाल्यावर आई स्वयंपाकघरात तिच्याजवळ आली.

"मला तरी सांग. मी कुणाला सांगणार हाय?"

"आई, सांगितलं तर तो सुटंल."

"सगळं नगं सांगू. एवढंच सांग, तू कुठं हुतीस?"

त्रिशलाने गॅस बारीक केला, मग मोठा केला.

"तो पहार घेऊन आला तवा तू कुठं हुतीस, एवढंच इचारती मी. मधी का पडली न्हाईस?"

या प्रश्नाचं उत्तर घटनेचाच भाग होतं. त्रिशला दूध उतू जाईपर्यंत त्याकडे बघत राहिली. आई बाहेर गेली. त्या दिवसापासून धनपालचं नाव त्रिशला खोलीत असताना कुणी घेत नसे. भिंतीवरचा त्याचा फोटोही आईने उतरवून आपल्या कपाटात ठेवला, सूचनेप्रमाणे. हार घालायला ती कपाट उघडायची आणि दार लावून घ्यायची.

अटक, कोठडी, जामीन

आरोपीला अटक झाल्यावर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. पोलीस कोठडी मागतात. मग न्यायालयीन कोठडी. मग जामिनाचा अर्ज. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे वाक्य वकील नातेवाइकांना सांगतात. नातेवाईक मान हलवतात.

किशोर भंडारे सातव्या महिन्यात बाहेर आला. त्याचे टेम्पो चालूच होते.

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आरोपीला मोहोर लावत नाहीत. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, हा जुना आणि चांगला नियम आहे. त्यामुळे आरोपीची आठवण त्याच्याकडेच राहते. ती त्याने वापरावी, झिजवावी, रंगवावी. किशोरने ती पानटपरीवर सांगितली, दूध डेअरीत सांगितली, लग्नांच्या मांडवात सांगितली. "मी नुसतं रांगेचं बोलत हुतो. त्यो पाना घेऊन अंगावर आला. मी काय मरू?" गावात ही गोष्ट सांगणारा तो एकटाच उरला होता. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली.

एकदा बाजारात तो त्रिशलाला समोरासमोर भेटला. बाजूला होऊन त्याने वाट दिली. "या ताई," म्हणाला.

दोषारोपपत्र

तपास पुरा झाला की पोलीस कोर्टात दोषारोपपत्र ठेवतात. त्यात पंचनामे, शवविच्छेदन, जप्त केलेली पहार, साक्षीदारांची यादी. पहारेच्या जप्तीचे दोन पंच होते. दोघंही ऐनापुऱ्यांच्या ओळखीचे, सही करायला नेहमी मिळणारे. पुढे दोघंही फितूर झाले.

राहिले डोळ्यांनी पाहिलेले दोघं. एक त्रिशला. दुसरा जयदीप केळुसकर, पुण्याहून औषधांच्या कामाला आलेला, गाडी चार्जिंगला लावून कारमध्ये बसलेला.

"तुमच्यावर आहे सगळं," सरकारी वकील शर्वरी नाडगौडा त्रिशलाला म्हणाल्या. यापेक्षा जास्त बोलायची त्यांनाही मुभा नव्हती. "जपा."

त्रिशलाने तो शब्द घरी नेला.

तारखा

यानंतर तारखा पडतात. आरोप निश्चित होतात. कधी न्यायाधीश रजेवर असतात, कधी आरोपीचा वकील. कधी कढई चालवणारा माणूस जिल्ह्याला गेलेला असतो. साडेसहा वर्षं या एका शब्दात मावतात.

मगदुमांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं होतात. त्यानंतर त्रिशला देवघरात माळ घेऊन बसायची. णमोकार मंत्राची एक माळ झाली की ती डोळे उघडायची नाही. तिथूनच ती गेटपाशी जायची.

वर्गात ती मुलांना सांगायची, रोज म्हटलं नाही तर पाढे विसरता. स्वतःही ती अशीच शिकली होती. मंत्र तसेच, स्तोत्रं तशीच, नद्यांची नावं तशीच. सांगायचं नाही, लिहायचं नाही, फोटो बघायचा नाही. मग जपायचं कसं? एकच वाट तिला ठाऊक होती. ओठ न हलवता, रोज एकदा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

पहिलं वर्ष.
मी गेटपाशी. डबा हातात. चार नंबरला टेम्पो, निळा. किशोर दुसऱ्याच्या गाडीची वायर काढून स्वतःच्या गाडीला लावतोय. अण्णा येतो. पाना बाकावर ठेवतो. बोलाचाली. किशोर टेम्पोतून पहार काढतो. अण्णा माझ्याकडे बघतो. हात वर. पहार.

तिसरं वर्ष.
मी गेटपाशी. स्टीलचा डबा हातात. चार नंबरला निळा टेम्पो, मागे 'मातोश्री' लिहिलेलं. किशोर दुसऱ्याची वायर उपटून काढतोय. अण्णा येतो. पाना बाकावर ठेवतो, आवाज होतो. रांग म्हणजे रांग, अण्णा म्हणतो. किशोर पहार काढतो. अण्णा माझ्याकडे बघतो. हात वर, पंजा उघडा. पहार.

सहावं वर्ष.
मी गेटपाशी. डब्याचं झाकण गरम. निळा टेम्पो, 'मातोश्री', बाजूला लिंबू-मिरची. किशोर वायर उपटतो आणि फेकतो. अण्णा शांतपणे येतो. पाना बाकावर ठेवतो. रांग म्हणजे रांग, किशोर. पहार निघते. अण्णा माझ्याकडे बघतो. पंजा माझ्याकडे. थांब. मी थांबते. पहार.

माळ खुंटीला अडकवून ती बाहेर यायची तेव्हा आई टीव्ही बघत असायची. दोघी मालिकेतल्या बायकांबद्दल बोलायच्या. दुसरं बोलायला हळूहळू काही राहिलं नव्हतं. एक स्थळ आलं, मुलगा चांगला होता, पण त्याच्या मामांनी बैठकीतच विचारलं, "कोर्टाचं काय झालं? नेमकं काय बघितलं हिनं?" त्रिशला उठून गेली. त्यांनी नकार कळवला.

"काहीतरी सांगून टाकायचं," आई म्हणाली. "खोटं का असंना."

"खोटं सांगितलं तरी खरं हलतंय, आई."

"तुझं खरं तू फ्रिजमधी ठेव," आई म्हणाली, आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

सरतपास

आपल्या साक्षीदाराला सरकारी वकील जे प्रश्न विचारतात त्याला सरतपास म्हणतात. त्याआधी, त्याच सकाळी, कोर्टाच्या मागच्या खोलीत मूळपण मोजतात.

तंत्रज्ञ विशीतला होता, कानात बाळी. त्याने कढई काढली आणि पडद्याकडे बघत राहिला. मग पुन्हा बसवली. पुन्हा काढली.

"मॅडम, एकतीस येतंय."

नाडगौडा बाईंनी चष्मा काढला. "त्रिशला, कुणाला सांगितलंत ते आत्ता सांगा. मी काही तरी करते."

"कुणालाच नाही."

"आईला?"

"आईलाही नाही."

"साडेसहा वर्षं एका घरात राहून?"

तंत्रज्ञ मधे म्हणाला, "मॅडम, त्या खरं बोलतायत. तोंडानं सांगितलं की भाषेच्या भागाचे धागे आठवणीला येऊन चिकटतात. इथे एकही नाही." तो त्रिशलाकडे वळला. "ताई, तुम्ही हे आठवत होता का? मनात?"

"रोज," त्रिशला म्हणाली. "विसरू नये म्हणून."

नाडगौडा बाई खिडकीकडे गेल्या.

"आठवायचं नाही असं मला कुणी सांगितलं नव्हतं," त्रिशला म्हणाली.

"ते सूचनांत होतं आधी," तंत्रज्ञ म्हणाला. "समितीनं काढलं. माणसाला आठवू नको म्हटलं की तो जास्तच आठवतो, म्हणून."

तिने पडदा बघायला मागितला. तसा नियम नव्हता, पण आता काही बिघडायचं राहिलं नव्हतं. तिची दोन मिनिटं एका पट्टीवर पसरली होती. हिरवं म्हणजे मूळचं, तांबडं म्हणजे नंतर जमलेलं. पाना बाकावर ठेवण्याच्या जागी निम्मं हिरवं अजून टिकून होतं. शेवटाजवळ मात्र एक तुकडा होता, पूर्ण तांबडा.

"हे काय आहे?"

"वेळेवरून सांगतो. पहार लागायच्या जरा आधीचं. त्या वेळी काय होतं?"

"अण्णानं मला थांब म्हणून हात केला."

तंत्रज्ञाने पट्टी मोठी करून पाहिली. "हात आहे. हात मूळचा असू शकेल, थोडं हिरवं दिसतंय खाली. पण थांब म्हणणं... ते इथलं वाटत नाही, ताई. दुसऱ्या कुठल्या आठवणीतून आत आलेलं असू शकतं. किंवा मनाला गरज होती म्हणून तयार झालेलं."

"म्हणजे त्यानं केलाच नाही?"

"तसं मी म्हणत नाही. केलाही असेल. यातून कळणार नाही आता."

नाडगौडा बाई फाईल उचलून कोर्टात गेल्या आणि साक्षीदार क्रमांक एक वगळत असल्याचं त्यांनी सांगितलं. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. त्रिशला मागच्या बाकावर आईशेजारी जाऊन बसली. मोबाईल बंद करून.

"काय झालं?" आईने विचारलं.

"नापास झाले," त्रिशला म्हणाली.

उलटतपास

विरुद्ध बाजूचा वकील विचारतो तो उलटतपास. साक्षीदार क्रमांक दोन, जयदीप केळुसकर. मूळपण एक्क्याण्णव.

प्रश्न : घटनेच्या वेळी आपण काय करत होता?
उत्तर : कारमध्ये बसलो होतो. मोबाईलवर मॅच बघत होतो.
प्रश्न : मग आपलं लक्ष कधी गेलं?
उत्तर : आवाज चढला तेव्हा. मी वर बघितलं.
प्रश्न : मयताच्या हातात काय होतं?
उत्तर : पाना. मोठा.
प्रश्न : तो त्याने खाली ठेवला का?
उत्तर : मी परत मॅच बघायला लागलो.
प्रश्न : म्हणजे आपण पाहिलं तोवर पाना त्याच्या हातात होता.
उत्तर : हो.
प्रश्न : नंतर?
उत्तर : नंतर वर बघितलं तेव्हा माणूस खाली पडलेला होता.
प्रश्न : गेटपाशी कुणी बाई दिसली?
उत्तर : मी तिकडे बघितलं नाही.
प्रश्न : या साडेसहा वर्षांत ही घटना आपल्याला किती वेळा आठवली?
उत्तर : समन्स आलं तेव्हा.
प्रश्न : त्याआधी?
उत्तर : खरं सांगायचं तर नाही.

न्यायाधीशांनी शेरा लिहिला : साक्षीदार निःपक्षपाती, त्याची आठवण उत्तम टिकलेली.

बाहेर पायरीवर केळुसकर त्रिशलापाशी येऊन उभा राहिला. चांगला माणूस होता. "सॉरी ताई. मी अजून बघायला पाहिजे होतं."

ऐनापुरे आता निवृत्तीला आले होते. ते हवालदाराला सांगत होते, त्रिशलाला ऐकू जाईल इतक्या जवळून. "घरचा साक्षीदार धरूच नये. रडून रडून सगळं धुऊन टाकतात. ज्याला मेल्याचं काही वाटत नाही असा एक तरी शोधायचा. आता तोच टिकतो."

निकाल

आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर असते. वाजवी संशय उरला तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. हाही जुना आणि चांगला नियम आहे. त्यामुळे कितीतरी निरपराध माणसं वाचली आहेत.

आरोपीने स्वसंरक्षण केलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. संशयाचा फायदा देऊन मुक्तता करण्यात येत आहे.

किशोरने न्यायाधीशांना हात जोडले. मग मागे वळून बाकाकडेही जोडले.

अपील

निकालाविरुद्ध वरच्या कोर्टात अपील करता येतं. त्याला मुदत असते. नाडगौडा बाई म्हणाल्या, सरकारकडे प्रस्ताव पाठवते, पण नवीन पुराव्याशिवाय...

घरी आल्यावर आईने हात-पाय धुतले, घेवड्याच्या शेंगा सुपात घेतल्या आणि सोप्यात बसली. त्रिशला समोर बसली. तिनेही मूठभर शेंगा घेतल्या.

"आता बोलायला मोकळी झालीस न्हवं?"

"झाले."

"मग सांग."

त्रिशलाने सांगायला सुरुवात केली. तोंडाने ते पहिल्यांदाच येत होतं आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लहान होतं. गेट. डबा. टेम्पो. दुसऱ्याची वायर. पाना बाकावर ठेवला. आईचे हात चालू होते, शेंगेचं टोक मोडायचं, शीर ओढायची. किशोरने पहार काढली. अण्णाने माझ्याकडे बघितलं.

इथे ती थांबली.

"मग?"

साडेसहा वर्षं पुढची ओळ तिला तोंडपाठ होती. ती म्हटली की आईचा प्रश्न मिटणार होता. ती खरी असेलही.

"मग काही न्हाई. मी गेटपाशी उभी राहिले. हललेच न्हाई मी, आई."

आईने हातातली शेंग मोडली नाही. दारातून टेम्पो गेला, त्याचा आवाज कमी होईपर्यंत ती तशीच बसली. त्रिशलाला वाटलं आता तो ठपका येणार, जो इतकी वर्षं कपाटाच्या लावलेल्या दारामागे होता.

"त्यानं हात केला असंल तुला," आई म्हणाली.

त्रिशलाने वर बघितलं.

"लांब ऱ्हा म्हणून. तसाच हुता त्यो. तुमी नदीला गेलासा की पयला आपण उतरायचा, आन् तुला हात करून काठावर थांबवायचा. तुला आठवत न्हाई, लहान हुतीस."

"तुला कुणी सांगितलं हे? नाडगौडा मॅडमनी?"

"मला सांगाय कशाला पायजे कुणी? माझं प्वार हाय ते." आईने शेंग मोडली. "नीट आठव. केला असणार त्यानं हात."

त्रिशलाला विचारायचं होतं की हे तुला खरंच वाटतंय, की मला देतेयस. तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर आईने उत्तर दिलं असतं, आणि तेही मोजता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधाकाकू आल्या. निकाल कळला म्हणाल्या, थोडा वेळ गप्प बसल्या, मग हळूच विचारलं, नेमकं झालं काय हुतं गं पद्माक्का? आई पहिल्यापासून सांगू लागली. चहापासून. आता तिला पुढचंही सांगता येत होतं. टेम्पो, वायर, बाकावर ठेवलेला पाना. "आन् तशात बी पोरीकडं बगून असा उजवा हात केला त्यानं. हितंच थांब म्हणाला. न्हाईतर ही बी गेली असती."

"देवच," सुगंधाकाकू म्हणाल्या.

त्रिशला स्वयंपाकघरात चहा करत होती. तिला आता उठून परसात जायचं कारण नव्हतं. तिने सगळं ऐकलं. हात उजवा की डावा हे तिच्या आठवणीत आजवर कधी ठरलेलं नव्हतं. चहा गाळून होईपर्यंत तो उजवा झाला.